द्रव गेला कुठे? जुन्या मोटारीच्या क्लचचे निदान

पास्कलचा नियम शिकवताना आपण फळ्यावर एक ठरावीक आकृती काढतो. एक अरुंद नळकांडे, एक रुंद नळकांडे, दोहोंना जोडणारी नळी आणि आत द्रव. अरुंद बाजूच्या दट्ट्यावर थोडे बल लावले की रुंद बाजूच्या दट्ट्यावर मोठे बल मिळते, असे सांगतो, उदाहरण म्हणून मोटारीच्या ब्रेकचे नाव घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. विद्यार्थी ते लिहून घेतात आणि परीक्षेत पुन्हा लिहितात.

आकृतीतले हे यंत्र एके दिवशी चालेनासे झाले, तर बिघाड नेमका कुठे आहे हे कसे शोधायचे? हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. तो जरूर काढावा. त्याचे उत्तर शोधताना पास्कलचा नियम, बॉइलचा नियम, तरफ, घर्षण आणि पदार्थांचे रासायनिक गुणधर्म हे सारे एकाच वेळी उपयोगी पडतात. शिवाय अंदाजाने भाग बदलत बसणे आणि विचारपूर्वक निदान करणे यांत काय फरक आहे, हेही विद्यार्थ्यांना समजते. यासाठी आपण जुन्या मोटारीच्या द्रवचालित क्लचचे उदाहरण घेऊ.

उदाहरणाची मोटार

ब्रिटनमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची छोटी, वेगवान मोटार तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या आणि त्यांतल्या अनेक हौशी मालकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. आपल्याकडच्या मारुती ८०० मध्ये पेडलपासून क्लचपर्यंत तारेची केबल होती. एमजीबीत मात्र हे काम द्रव करतो.

हीच मोटार निवडण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तिची क्लच प्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढावे लागते. म्हणजे दोन-तीन दिवसांचे काम आणि मोठा खर्च. याउलट बिघाड द्रवाच्या मार्गात असेल, तर बहुधा एक-दोन रबरी वॉशर, नाहीतर एक लहानशी रबरी नळी बदलून भागते. दोन्ही बिघाडांत चालकाची तक्रार एकच असते, 'गिअर पडत नाही'. निदान चुकले, तर बोटाएवढ्या रबरी वॉशरसाठी सबंध इंजिन उतरवण्याची पाळी येते.

क्लचचे काम

इंजिन फिरत असताना मोटार उभी ठेवायची किंवा गिअर बदलायचा, तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याच्या पृष्ठभागाला लागून क्लच प्लेट असते आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. मजबूत स्प्रिंगच्या जोरावर प्रेशर प्लेट ही क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. केवळ घर्षणामुळे क्लच प्लेट फ्लायव्हीलबरोबर फिरते. पेडल दाबले की एक फोर्क तरफेसारखा हलतो, बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगचा जोर मागे खेचला जातो आणि क्लच प्लेट मोकळी होते.

यावरून बिघाडाचे दोन परस्परविरुद्ध प्रकार संभवतात. पहिला प्रकार म्हणजे पेडल सोडले तरी प्लेट पुरेशी पकडत नाही. इंजिन जोरात फिरते, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. याला क्लच 'सरकणे' म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे पेडल दाबले तरी प्लेट पुरेशी सुटत नाही. गिअर टाकताना खरखर होते, किंवा गिअर पडतच नाही. सरकणे हा बहुधा झिजलेल्या किंवा तेलकट झालेल्या प्लेटचा दोष असतो. न सुटणे हा मात्र पुष्कळदा द्रवाचा दोष असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, की क्लच पकडत नाही की सुटत नाही?

याची साधी कसोटी आहे. मोकळ्या, सपाट जागी गाडी उभी करावी, हँडब्रेक लावावा, इंजिन सावकाश चालू ठेवावे. पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग मागे जाण्याचा गिअर टाकावा. या गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवून घेण्याची सोय एमजीबीत नाही. क्लच सुटला असेल, तर गिअरबॉक्समधली चाके तेवढ्या वेळात थांबतात आणि गिअर शांतपणे पडतो. खरखर झाली तर इंजिनाची गती अजून आत पोचते आहे, म्हणजेच क्लच सुटलेला नाही.

फळ्यावरची आकृती, गाडीतली

आता द्रवाचा मार्ग पाहू. चालकाचे पेडल ही एक तरफ आहे. तिला जोडलेला दांडा एका लहान नळकांड्यातला दट्ट्या ढकलतो. हा मास्टर सिलिंडर. त्याच्या डोक्यावर द्रवाची छोटी टाकी असते. तिथून धातूची नळी आणि तिच्यापुढे लवचीक रबरी नळी गाडीच्या खालच्या बाजूला, गिअरबॉक्सपाशी जाते. तिथे दुसरे, रुंद नळकांडे असते. हा स्लेव्ह सिलिंडर. त्याचा दट्ट्या क्लचचा फोर्क ढकलतो.

एमजीबीच्या मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिमी आहे. स्लेव्हचा सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिमी. क्षेत्रफळे अनुक्रमे सुमारे २.८५ आणि ७.९२ चौ. सेंमी येतात. त्यांचे गुणोत्तर २.७८.

समजा, चालकाने पेडलवर ८० न्यूटन बल लावले आणि पेडलची तरफ पाचपट आहे. मास्टरच्या दट्ट्यावर ४०० न्यूटन बल येईल. दाब होईल ४०० भागिले २.८५, म्हणजे दर चौ. सेंमीला सुमारे १४० न्यूटन. हा साधारण १४ वातावरणांइतका दाब आहे. तोच दाब स्लेव्हच्या दट्ट्यावर पडला की बल मिळते सुमारे ११०० न्यूटन. पायाच्या बोटांनी सहज दाबता येणाऱ्या पेडलने ११० किलोग्रॅम वजन उचलण्याइतके बल दिले!

पण निसर्ग काही फुकट देत नाही. बल जितके वाढले तितके अंतर कमी झाले. क्लच नीट सुटण्यासाठी एमजीबीच्या स्लेव्हचा दांडा अर्धा इंच, म्हणजे सुमारे १२.७ मिमी सरकावा लागतो. त्यासाठी लागणारा द्रव म्हणजे ७.९२ गुणिले १.२७, जेमतेम १० घन सेंमी. दोन चहाचे चमचे! सगळा क्लच या दोन चमचे द्रवावर अवलंबून आहे. त्यातला एक-दोन घन सेंमी कुठे भलतीकडे गेला, की गिअर खरखरू लागतो.

आकारमानाचा हिशेब

आता निदानाची किल्ली आपल्या हाती आली. या दाबाला द्रवाचे आकारमान जवळजवळ बदलत नाही. म्हणून मास्टरने ढकललेल्या प्रत्येक घन सेंमीचा हिशेब लागलाच पाहिजे. तो पुढील पाच ठिकाणांपैकी कुठेतरी गेलेला असतो.

१. स्लेव्हमध्ये. हेच अपेक्षित आहे.
२. गळून बाहेर.
३. मास्टरच्या झिजलेल्या रबरी वॉशरला वळसा घालून पुन्हा टाकीत.
४. आत अडकलेल्या हवेचा बुडबुडा दाबण्यात.
५. जुनी रबरी नळी फुगवण्यात.

सहावे ठिकाण नाही. तक्रार कितीही गुंतागुंतीची वाटली, तरी प्रश्न एकच राहतो, की द्रव गेला कुठे?

या मार्गाच्या दोन्ही टोकांना मात्र यांत्रिक भाग आहेत. एका टोकाला पेडल आणि त्याची खीळ, दुसऱ्या टोकाला फोर्क, बेअरिंग व प्लेट. दोष तिथेही असू शकतो. म्हणून साखळी मधोमध तोडून पाहायची.

साखळी मधोमध तोडणे

सर्वांत उपयोगी मोजमाप स्लेव्हपाशी घ्यायचे असते. गाडीचे इंजिन बंद हवे. गाडी भक्कम स्टँडवर टेकवलेली आणि चाकांना ठोकळे लावलेले हवेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये, जॅक घसरून प्राण गेल्याची उदाहरणे आहेत. एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजावे.

दांडा १२-१३ मिमी सरकला आणि तरीही क्लच सुटत नसेल, तर पायापासून स्लेव्हपर्यंतचे सारे निर्दोष आहे. दोष पुढे, म्हणजे फोर्क, बेअरिंग किंवा प्लेटमध्ये आहे. बराच काळ दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसते, ते याच प्रकारात मोडते. इंजिन उतरवण्याचा विचार करायचा तो या मोजमापानंतरच.

दांडा ७-८ मिमीच सरकला, तर इंजिनाला हात लावायचे कारण नाही. दोष अलीकडे आहे. एका मोजमापाने अर्ध्या शक्यता बाद झाल्या. वीस प्रश्नांच्या खेळात मुले 'सजीव की निर्जीव?' असे विचारून सुरुवात करतात, त्यातलीच ही युक्ती.

उरलेल्या अर्ध्या साखळीत प्रथम पेडलची खीळ पाहावी. पेडल आणि मास्टरचा दांडा यांना जोडणारी खीळ वर्षानुवर्षांच्या वापराने झिजते आणि तिचे भोक लांबट होते. तिथे दीड मिलीमीटर ढिलाई आली, तर पाचपट तरफेमुळे पेडलच्या टोकाशी साडेसात मिलीमीटर हालचाल वाया जाते. स्लेव्हकडे मात्र १.५ भागिले २.७८, म्हणजे अर्धा मिलीमीटरच कमी पडतो. स्वस्त दोष, पण इतर दोषांत मिळाला की पुरेसा त्रास देतो.

मग टाकीतली पातळी पाहावी. ब्रेकच्या टाकीतली पातळी ब्रेकचे अस्तर झिजत जाते तशी हळूहळू उतरते, त्यात काळजीचे कारण नसते. क्लचच्या बाबतीत झिजेचा परिणाम फार थोडा असतो. म्हणून आठवड्या-पंधरवड्यात पातळी उतरली, तर गळती आहेच असे धरावे. ती दोन जागी हमखास सापडते. एक, पेडलच्या वर, जिथे मास्टरचा दांडा आत शिरतो. तिथे ओल दिसते आणि खालचा रंग सोलवटलेला असतो, कारण हा द्रव रंग खातो. दुसरी जागा स्लेव्हच्या टोकावरचे रबरी टोपण. त्याची कड उचलावी. आतून द्रव ठिबकला, की आतला वॉशर गेला.

पातळी उतरत नसेल तर उरल्या तीन शक्यता. द्रव परत टाकीत जातो, हवा दाबली जाते किंवा नळी फुगते. इथे पायाची संवेदना हेच उपकरण.

पेडल दाबून धरले असताना सावकाश खाली जात राहते, सिग्नलला उभी असलेली गाडी हळूच पुढे सरकू पाहते. पेडल झटकन दाबले तर क्लच सुटतो, सावकाश दाबले तर सुटत नाही. ही मास्टरच्या वॉशरची लक्षणे. सावकाश दाबताना वॉशरची कड नळकांड्याला चिकटत नाही आणि द्रव तिच्या बाजूने मागे सटकतो.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि भराभर चार-पाच वेळा मारल्यावर घट्ट होते. हे हवेचे लक्षण. बॉइलच्या नियमाने हिशेब करता येतो. एक घन सेंमीचा बुडबुडा १४ वातावरणे जादा दाबाखाली, म्हणजे एकूण १५ वातावरणांत, पंधराव्या भागाइतका होतो. सुमारे ०.९३ घन सेंमी द्रव केवळ त्याला दाबण्यात गेला. स्लेव्हचा दांडा तेवढ्याने १.२ मिमी कमी सरकला. दोन-तीन असे बुडबुडे पुरेत.

पेडल दाबताना रबरी नळी हाताला किंवा डोळ्यांना फुगलेली जाणवली, तर तो पाचवा प्रकार. ती बदलावीच.

तरीही शंका राहिली तर पुन्हा साखळी तोडावी. रबरी नळी चिमटण्यासाठी गोल कडांचा खास चिमटा मिळतो. तो लावून पेडल दाबावे. पेडल दगडासारखे घट्ट लागले तर मास्टर निर्दोष, दोष चिमट्याच्या पलीकडे. पेडल तरीही खाली गेले तर दोष मास्टरमध्ये किंवा त्याच्या नळीतल्या हवेत. कडक झालेली जुनी नळी अशी चिमटली तर ती नंतर बदलून टाकणे शहाणपणाचे.

हवा काढणे हे औषध, रोग दुसराच

गॅरेजमध्ये पुष्कळदा हवा काढून दिली जाते आणि आठ दिवसांनी तक्रार परत येते. असे का होते? बंद नळीत हवा आपोआप उत्पन्न होत नाही. ती कुठूनतरी आत शिरते, टाकी रिकामी होऊ दिल्यामुळे किंवा झिजलेल्या वॉशरच्या कडेने. दार उघडे ठेवून घर झाडण्यासारखेच हे. म्हणून हवा सापडली, की तिचा रस्ता शोधणे हा निदानाचा पुढचा भाग समजावा. एका सिलिंडरचे वॉशर गेले असतील, तर दुसऱ्याचेही त्याच वयाचे, त्याच द्रवात भिजलेले असतात. दोन्ही एकदम बदलणे चांगले.

द्रवाचे रसायनशास्त्र

गॅरेजात या द्रवाला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते तेल नाही. ते मुख्यतः ग्लायकॉल ईथर प्रकारच्या संयुगांचे मिश्रण आहे. ते हवेतली आर्द्रता शोषते. आत गेलेल्या पाण्यामुळे सिलिंडरची लोखंडी भिंत गंजते, तिला बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांवर घासून वॉशरची कड फाटते. म्हणून गळती नसली तरी दर दोन वर्षांनी द्रव बदलणे हिताचे.

टाकी रिकामी दिसली म्हणून कोणी तीत इंजिन ऑइल ओतले, तर अनर्थ होतो. खनिज तेलाने हे रबर फुगते. मास्टर सिलिंडरमध्ये एक अतिशय बारीक छिद्र असते. पेडल वर आले की त्यातून दाब टाकीकडे मोकळा होतो. फुगलेल्या वॉशरने हे छिद्र झाकले, की दाब अडकून राहतो, प्लेट अर्धवट सुटलेलीच राहते आणि क्लच सरकू लागतो. सरकण्याचा दोष नेहमी प्लेटचाच असतो असे नाही, हे इथे लक्षात येते. नवी प्लेट बसवूनही तो जाणार नाही.

वर्गात करण्याचा प्रयोग

साहित्य: ५ मिलिलिटरची एक व २० मिलिलिटरची एक सिरिंज (सुया काढलेल्या व न वापरलेल्या), सलाईनची हातभर नळी, पाणी, फुगा, दोरा, पट्टी.

नळी व सिरिंजा पाण्यात बुडवून, हवा न राहू देता जोडा. लहान सिरिंज ४ मिलिलिटर दाबा. मोठ्या सिरिंजेत किती मिलिलिटरने वाढ झाली? दोन्ही दट्टे किती मिलीमीटर सरकले? सिरिंजेवरील खुणांचे अंतर पट्टीने मोजून छेदाचे क्षेत्रफळ काढता येते. त्यावरून दोन्ही अंतरांचे गुणोत्तर पडताळून पाहा.

आता मोठ्या दट्ट्यावर फळीचा तुकडा ठेवून त्यावर एक-दोन किलोचे वजन तोला आणि तोच प्रयोग पुन्हा करा. मग आत १ मिलिलिटर हवा सोडून करा. नंतर हवा काढून नळीच्या मध्ये फुग्याच्या रबराचा छोटा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा. शेवटी एक जोड मुद्दाम ढिला ठेवा.

यानंतर असे चार संच तयार करून नळ्या कापडाने झाका. एक निर्दोष, एकात हवा, एकात फुगणारा तुकडा, एकात गळती. विद्यार्थ्यांच्या चार गटांनी कापड न काढता, फक्त दट्ट्याचा स्पर्श आणि सिरिंजेवरील खुणा यांवरून दोष ओळखावा आणि आपले कारण लेखी द्यावे. कारण दिले नसेल तर बरोबर उत्तरालाही गुण देऊ नयेत. हवेचा संच आणि फुग्याचा संच हाताला जवळजवळ सारखेच लागतील. त्यांतला फरक कोणत्या जादा मोजमापाने कळेल, ही कसोटी विद्यार्थ्यांनीच सुचवू द्यावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. स्लेव्हचा व्यास सव्वा इंचाऐवजी एक इंच असता, तर पेडल जड लागले असते की हलके? दांडा जास्त सरकला असता की कमी?
२. बुडबुडा मास्टरजवळ असला काय किंवा स्लेव्हजवळ असला काय, स्लेव्हच्या हालचालीत पडणारी तूट सारखीच असेल का?
३. हवा काढण्याची मोकळी चकती स्लेव्हच्या वरच्या बाजूस का असावी लागते?
४. 'गिअर पडत नाही' ही तक्रार घेऊन कोणी आला, तर त्याला पहिले तीन प्रश्न कोणते विचाराल? प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराने कोणत्या शक्यता बाद होतात, ते लिहा.